हळू चेंडूचा विकास

ओहायो राज्यातल्या हार्लन गावाचा बेसबॉल संघ हरत असे, आणि त्याबद्दल गावात कोणाची फारशी तक्रार नव्हती. संघाचं नाव बगळे. बगळा एका पायावर उभा राहून माशाची वाट पाहतो. हार्लनचे लोक लाकडी बाकांवर बसून, सूर्यफुलाच्या बिया चघळत विजयाची वाट पाहत. दोघांनाही आपापल्या धंद्यात घाई नव्हती. तक्रार सुरू झाली ती संघाच्या मालकांनी हरण्याची दखल घेऊन त्यावर उपाय केला तेव्हापासून.

उपायाचं नाव होतं 'पिचर विकास विभाग'; पिचर म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा. मैदानामागे जिथे पूर्वी गवत कापायचं यंत्र ठेवत, तिथे काचेची इमारत उभी राहिली. विभागाला संचालक मिळाला, आणि पिचरच्या खांद्यासाठी एक, कोपरासाठी एक व मनगटासाठी एक असे स्वतंत्र समन्वयक मिळाले. खांदा आणि कोपर यांच्यामधला भाग कोणाच्या अखत्यारीत येतो यावर मतभेद असल्यामुळे तो तूर्त कोणाकडेच नव्हता. काचेआड पिचर दिवसभर वजनदार चेंडू भिंतीवर आपटत. समोर बॅटर नसे. बॅटर आला की चेंडू मारतो आणि पिचरच्या विकासात व्यत्यय येतो, असं विभागाच्या सुरुवातीच्याच अभ्यासात निष्पन्न झालं होतं.

प्रगती नजरेत भरण्यासारखी होती. पूर्वी बगळ्यांचे पिचर सामना हरून घरी जात. आता ते सामना हरून इस्पितळात जाऊ लागले. कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या पिचरला विभागात 'परिपक्व' म्हणत, दोनदा झालेल्याला 'अनुभवी'. एकदाही न झालेल्याकडे सगळे जरा ओशाळून पाहत, कारण आपलं त्याच्याकडे लक्ष द्यायचं राहून गेलं, असा त्याचा अर्थ होई.

काचकारखान्यातून निवृत्त झालेल्या लेस्टर डुबिकला हे सगळं घरबसल्या कळत असे. गावाची रीतच अशी होती, की होतकरू खेळाडूंनी हंगामभर कोणा ना कोणा गावकऱ्याच्या घरी राहावं. लेस्टर आणि त्याची बायको डोरीन यांच्या वरच्या खोलीत दर उन्हाळ्यात एक पिचर येई. वसंतात आलेला पोरगा डोरीनने केलेले पिरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, दोन्ही हातांनी हाणायचा. उन्हाळा सरता सरता डोरीन त्याला चमच्याने भरवायची.

"यंदा डावखुरा मागून घे," डोरीन म्हणाली. "निदान उजव्या हाताने तरी जेवेल शेवटी."

म्हणून विल्किन पाउलिनो आला. डॉमिनिकन प्रजासत्ताकातला, लांब हातांचा, हसरा. तो लेस्टरला 'डॉन लेस्टर' म्हणायचा. त्याच्या गावी वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात. पण शेजारच्या ऑर्व्हिल न्हाव्याने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला "डॉनशी जपून बोला रे" असं बजावायला सुरुवात केली.

विल्किनचा चेंडू हळू येई. हाताची फेक जोरकस, चेहऱ्यावर आवेश, आणि चेंडू मात्र सावकाश. बॅटरला वाटे, आला! तो सगळी ताकद लावून बॅट फिरवून मोकळा होई, आणि मग, पंगत उठल्यावर पाहुणा यावा तसा, चेंडू येई. असं तीनदा झालं की बॅटर बाद.

"कोणी शिकवलं रे तुला हे?" लेस्टरने विचारलं.

"आजीने. ती आम्हाला चप्पल फेकून मारायची."

"जोरात?"

"जोरात आलेली चप्पल चुकवता येते, डॉन लेस्टर. आजी हात उगारायची, आम्ही वाकायचो, पुन्हा उभे राहायचो, आणि मग चप्पल यायची."

विल्किनने पहिला सामना जिंकला. दुसराही जिंकला. लेस्टर आणि ऑर्व्हिल बाकावर एकमेकांच्या गळ्यात पडले. तिसरा जिंकल्यावर विभागाने तातडीची बैठक बोलावली. संघ जिंकत होता आणि विभागाला त्याचं कारण सांगता येत नव्हतं. ही परिस्थिती फार काळ चालू देणं धोक्याचं होतं.

बातमी न्हाव्याच्या दुकानात पोचली: विल्किनला काचेआड नेणार. लेस्टरची झोप उडाली. आपल्या वरच्या खोलीच्या जिन्यावरून गळ्यात हात बांधून उतरणारे पोरगे त्याने पुष्कळ पाहिले होते. हा एक तरी धडधाकट हाताने आजीकडे परत जावा, एवढंच त्याचं मागणं होतं. अग्निशमन केंद्राच्या सभागृहात विभागाने 'चाहत्यांशी संवाद' ठेवला, तेव्हा लेस्टर आयुष्यात प्रथमच पहिल्या रांगेत बसला.

संचालक ब्रॅडन थॉर्प तरुण होता, नम्र होता, आणि त्याने सर्वांसाठी डोनट आणले होते.

"विल्किनचे निकाल उत्तम आहेत," थॉर्प म्हणाला. "आम्हाला त्याचीच काळजी वाटते. माणूस जिंकायला लागला की त्याच्यात सुधारणा करणं अवघड होऊन बसतं."

"मग करू नका की!" मागून ऑर्व्हिल ओरडला.

"मग आम्ही काय करायचं?" थॉर्पने विचारलं.

त्याने हे अगदी प्रामाणिकपणे विचारलं. एका बाईंनी डोनट अर्धा खाऊन खाली ठेवला.

लेस्टर उभा राहिला. "तुम्ही त्या काचेच्या आत काय बघता, काय करता, आम्हाला काही कळत नाही," तो म्हणाला. "पोरं आमच्या घरची आहेत. तुम्ही जे बघता ते आम्हालाही दिसलं पाहिजे. आणि विल्किनला हात लावायचा नाही."

टाळ्यांनी छत दणाणलं. थॉर्पनेही टाळ्या वाजवल्या. लेस्टरच्या दोन्ही मागण्या जागच्या जागी मान्य झाल्या, आणि तिथेच घात झाला.

आधी लेस्टरची 'चाहता-प्रतिनिधी' म्हणून विकास समितीवर नेमणूक झाली. त्याला बगळ्याचं चित्र असलेलं निळं जाकीट मिळालं.

"तू पोराला सोडा म्हणालास," डोरीन म्हणाली, "आणि त्यांनी तुला जाकीट दिलं?"

"आतून अस्तर आहे," लेस्टर म्हणाला.

समितीचं काम मान डोलावण्याचं होतं. त्याच महिन्यात संघाने प्रेक्षकांना संचालकांची मान डोलावणारी बाहुली फुकट वाटली. बाहुलीला त्यासाठी आत स्प्रिंग लागत असे. सदस्यांना तीही लागली नाही. पण विल्किनचा विषय निघाला तेव्हा लेस्टरने मान स्थिर ठेवली, आणि ठराव झाला: पाउलिनो याच्या बाबतीत विभाग कोणताही हस्तक्षेप करणार नाही, त्याच्या विकासाची दिशा चाहतेच ठरवतील. लेस्टर घरी आला तो जवळजवळ नाचतच.

"म्हणजे त्याला कोणी शिकवणार नाही?" डोरीनने विचारलं.

"कोणी नाही. लेखी घेतलंय मी."

"बघ हं. अंगात त्यांचं जाकीट आहे तुझ्या."

मग दुसरी मागणी पुरी झाली. विभाग जे बघतो ते चाहत्यांना दिसावं म्हणून मैदानात एक प्रचंड फलक उभा राहिला. चेंडू सुटला रे सुटला की त्याचा वेग त्यावर झळके. जास्त असला तर हिरवा, कमी असला तर लाल. फलक सगळ्यांना नीट दिसावा म्हणून धावसंख्येचा जुना फलक हलवून सॉसेजच्या गाडीमागे नेण्यात आला. कोण जिंकतंय हे पाहायचं असेल त्याला मोहरीची बाटली बाजूला करून वाकून पाहता येत असे. तशी गैरसोय कोणाचीच झाली नाही.

रविवारी दुपारी विल्किन पिच करायला उतरला. पहिलाच चेंडू असा आला की बॅटर स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली बसला. एरवी लोक पोट धरून हसले असते. ते हसलेही, पण बॅटरला नव्हे. सगळ्यांच्या माना फलकाकडे वळल्या होत्या. तिथे लाल रंगात एक छोटासा आकडा होता, आणि त्याच्याखाली, मुलांची करमणूक म्हणून, चालणारं कासव दाखवलं होतं.

"अगं बाई!" मागच्या बाकावरून आवाज आला. "एवढाच?"

बॅटर बाद झाला. दुसरा झाला, तिसरा झाला. दर चेंडूला कासव चालत राहिलं आणि दर चेंडूला हशा वाढत गेला.

"लेस्टर," ऑर्व्हिल म्हणाला, "हा पोरगा आपल्याला इतके दिवस फसवत होता की काय रे?"

"अरे, बाद होतायत ना ते!"

"ते दिसतंय मला. पण कशाने बाद होतायत ते बघ ना. एवढ्या वेगाने माझी आत्या दाराशी किल्ली फेकते. लोक काय म्हणतील आपल्याला?"

"तू फलक बघू नकोस."

"मग बघू काय?"

लेस्टरकडे याचं उत्तर होतं, पण नेमकं तेव्हाच विल्किनने चेंडू टाकला, आणि उत्तर द्यायच्या आधी लेस्टरने आकडा पाहिला. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. पुढच्या चेंडूला ती आपोआप वर गेली. आपल्याच घरच्या पोराचा आकडा एवढा बारका पाहून त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जाकीट घालून बसलेल्या माणसाकडे लोक पाहतही होते.

"जोरात टाक!" कोणीतरी ओरडलं. मग पलीकडून दुसरा. बघता बघता सगळं मैदान पाय आपटत ओरडू लागलं, "जो-रात! जो-रात!" विभागाचा एकही माणूस ओरडत नव्हता. ठराव झाला होता. थॉर्प हाताची घडी घालून शांत बसला होता.

तोवर एकही धाव न दिलेला विल्किन बाकांकडे वळला. एवढ्या माणसांत तो एकच चेहरा शोधत होता. तो त्याला सापडला. त्याने भुवया उंचावून विचारलं: काय करू, डॉन लेस्टर?

लेस्टरने फक्त मान हलवायची होती, नाही म्हणून. पण समितीत मानेला एकच दिशा ठाऊक झाली होती. ती खालीवर हलली. वर त्याने मूठही आवळून दाखवली. थोडंसंच, अशा अर्थाने.

विल्किनने जोरात टाकला. फलक हिरवा झाला, कासव गेलं, लोक उभे राहिले. बॅटरने तो चेंडू कुंपणापलीकडे, गाड्या लावल्या होत्या तिथे पोचवला. टाळ्या थांबल्या नाहीत. पुढचा त्याहून जोरात, त्याहून हिरवा. तोही कुंपणापलीकडे गेला. कोणाच्या तरी गाडीची काच फुटली. तिचा मालक इतर सगळ्यांबरोबर नाचत होता. धावा किती झाल्या ते सॉसेजवाल्याला ठाऊक असावं.

"याला म्हणतात पिचर!" ऑर्व्हिलने लेस्टरच्या पाठीवर थाप मारली. "काय सुधारलाय एका दुपारात! आणि हे विभागवाले म्हणे तज्ज्ञ!"

मग विल्किनने असा एक चेंडू टाकला की फलकावर बगळ्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा आकडा उमटला. मैदान कोसळायचं बाकी राहिलं. लेस्टर बाकावर चढून ओरडत होता. आनंदाश्रू पुसून त्याने खाली पाहिलं, तेव्हा विल्किन गुडघ्यांवर बसला होता. त्याचा डावा हात त्याच्या शेजारी पडल्यासारखा लोंबत होता, दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा.

लेस्टरने त्याला आपल्या गाडीतून इस्पितळात नेलं. वाटेत विल्किन एकच वाक्य बोलला. "आजीला सांगू नका, डॉन लेस्टर. ती म्हणेल, घाई केलीस."

इस्पितळात डॉक्टर धावत आले. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशाला बगळ्याची पिन होती.

"रेडिओवर ऐकलं मी!" ते म्हणाले. "फलकाचा आकडा नीट ऐकू आला नाही हो. किती होता?"

आणि लेस्टरने, दुखापत कोणत्या हाताला झाली हे सांगायच्या आधी, आकडा सांगितला.

विभागाने दुसऱ्याच दिवशी निवेदन काढून सर्व चाहत्यांचे आभार मानले. कोणताही हस्तक्षेप न करता, केवळ लोकसहभागातून एक पिचर एका दुपारात परिपक्व होण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढल्या हंगामाची सगळी तिकिटं आठवड्यात संपली.

विल्किनच्या हाताबद्दल विभागाकडे आजवर एकच चौकशी आली आहे. ती श्रीमती डोरीन डुबिक यांची असून, त्यांनी सामना प्रत्यक्ष पाहिलेला नसल्यामुळे ग्राह्य धरण्यात आलेली नाही. त्या विक्रमी आकड्याबद्दल मात्र इतकी विचारणा होते की विभागाने त्यासाठी स्वतंत्र खिडकी उघडली आहे. आकडा इथे छापण्याची परवानगी मिळालेली नाही. वाचकांपैकी ज्यांना मघापासून तोच विचारायचा होता, त्यांनी रांगेतल्या शेवटच्या माणसामागे उभं राहावं.