दारावरच्या बेलचं बटण

दारावरची बेल वाजली की तान्ही चिमणी दचकून उठायची, म्हणून तिच्या बाबानं बेलच काढून टाकली. बटण चिमणीच्या खेळण्यांत गेलं आणि दोन महिन्यांनी तिथून थेट बाबाच्या मोटरसायकलच्या हँडलवर आलं.

बाबा एका गोदामातून घरोघरी औषधं पोचवायचा. घरी त्याला ‘कारागीर’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे म्हणणाऱ्यावर असे. गाडीवर फोन कानाला लावलेला दिसला की नोकरी गेली, असा साहेबांचा नियम. बोलायचं ते गोदामानं दिलेल्या, वॉकीटॉकीसारख्या रेडिओवर. आणि इकडे रजा संपून आई कामावर गेल्यापासून चिमणीनं दुपारची झोपच सोडली होती. ती झोपायची फक्त बाबाच्या गाण्यावर.

तेव्हा कारागिरानं पेटी केली. साबणाच्या रिकाम्या डबीत एकीकडून रेडिओची वायर शिरली, दुसरीकडून फोनची, आणि दोन्ही मिळून हेल्मेटमधल्या हेडसेटला जाऊन भिडल्या. फोन आपोआप उचलला जाई. रेडिओवर बोलायचं तर बेलचं बटण दाबून धरायचं, ऐकायचं तर सोडायचं.

“हे बटण चिमणीनं दोन महिने चघळलंय,” बायको म्हणाली.

“धुतलंय.”

“आज संध्याकाळी तुला कायम करायचा कागद सहीला जातोय. उद्यापासून कर ना तुझे प्रयोग.”

“दहा वेळा तपासलंय गं. आणि तिची झोप उद्यावर टाकू का?”

निघताना हेल्मेट सापडेना. ते पलंगाखालून निघेपर्यंत पेटी, वायर आणि बटण पाच मिनिटं चिमणीच्या ताब्यात होतं.

दुपारी एकच्या सुमारास त्यानं बटण दाबलं. “तेरा नंबर. औषध पोचलं.” अंगठा वर आला. बटण मात्र आत गेलं ते आतच राहिलं. हातमोज्यातून त्याला ते कळलं नाही. बटण आत असेपर्यंत आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, आणि सगळ्यांचं बोलणं आपल्याला बंद होतं, ही त्या रेडिओची रीत. गोदामातून कामं वाटणाऱ्या कंट्रोलबाईंचं ‘ठीक’ आलं नाही, म्हणजे गाण्याला मोकळा वेळ मिळाला, याचं त्याला उलट बरंच वाटलं.

तेवढ्यात फोनवरून, चिमणीला सांभाळणाऱ्या सासूबाई कानात आल्या. “जावईबापू, गा लवकर. माझी पाठ गेली हिला थोपटून.”

जावईबापू गाऊ लागले. गाणं रोज नवं लागायचं, आणि सुचायचं ते कामावरचंच.

“लंबूकाका हरवला,
एकाच गल्लीत फिरला,
पत्ता विचारायची लाज,
चहा पिऊन परतला.”

“डोळे उघडेच आहेत,” सासूबाई कुजबुजल्या.

“कंट्रोलबाई ओरडली,
पंख्यावरती ओरडली,
पंखा इतका घाबरला,
उलटा फिरू लागला.”

“एक मिटला.”

“साहेबांच्या कप्प्यात
चॉकलेट लपलं डब्यात,
डॉक्टर पुसे, खाता काय?
साहेब म्हणे, छे छे, नाय.”

“झोपली गं बाई,” म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला. पुढचा अर्धा तास रेडिओ गप्प होता. आज काम कमी दिसतंय, असं म्हणत, तेच गाणं गुणगुणत, कारागीर गोदामावर परतला.

अंगणात बारा मोटरसायकली उभ्या होत्या. कामं मिळेनात म्हणून सगळे परत आलेले. लंबू आपल्या गाडीला टेकून उभा होता.

“झोपली का चिमणी?” त्यानं विचारलं.

“झोपली. पण तुला कसं...”

“आणि मी त्या गल्लीत चहा नाही, सरबत प्यायलो होतो.”

कारागिरानं हातमोजा काढून बटण चाचपलं. ते आत रुतलेलंच होतं. संध्याकाळचा कागद, बायकोचं बोलणं, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. तो पाय ओढत कंट्रोलच्या खोलीत गेला. बाई रजिस्टर पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. डोक्यावर पंखा फिरत होता, सरळ.

“बाई, चूक झाली. साहेबांना...”

“हळू बोला. झोपलेत.” त्यांनी हनुवटीनं साहेबांच्या केबिनकडे दाखवलं. आत टेबलावर रेडिओ होता, त्याशेजारी सहीला आलेला तो कागद, आणि कागदावर साहेबांचा गाल. “लंबूच्या कडव्यालाच गेले. गेल्या तीन महिन्यांत मी त्यांना इतकं शांत पाहिलं नव्हतं.”

“म्हणजे त्यांचं कडवं...”

“त्यांनी नाही ऐकलं. मी ऐकलं.” बाईंच्या कोपराजवळ चमचमता कागद चुरगळून पडला होता. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी तपकिरी लागलं होतं. “म्हटलं, खरं-खोटं बघावं. खरं आहे.”

पाच वाजता साहेब उठले, ताजेतवाने. समोर होता त्या कागदावर सही केली आणि सवयीनं कप्पा उघडला. डबा रिकामा होता. मग कप्पा लावून घेतला. विचारायचं तरी कुणाला, आणि काय म्हणून?

घरी कारागिरानं बटण उघडलं. आत लाळेनं भिजून वाळलेला बिस्किटाचा तुकडा घट्ट बसला होता. मांडीवरची चिमणी त्यासाठी हात पसरून होती. तिचाच होता तो.

बटण धुऊन, पुसून त्यानं पुन्हा जोडलं. दुसऱ्या दिवशी एकला पाच कमी असताना हेल्मेटमध्ये कंट्रोलबाईंचा आवाज आला.

“तेरा नंबर, ऐकताय? साहेब विचारतायत, रेडिओवर काल काहीतरी छान लागलं होतं, ते आज लागणार का.”