तीन बंब आणि नियम सहा

आगीचा मूळ दोष असा, की ती पूर्वसूचना न देता लागते. थंडी हळूहळू येते, म्हातारपण हळूहळू येतं, पाहुणेसुद्धा हल्ली फोन करून येतात. आग मात्र संबंधित कार्यालयाला तयारीची कसलीही संधी न देता एकदम कामाला लागते. इतक्या बेशिस्त गोष्टीला तोंड द्यायचं, तर निदान आपल्या बाजूनं शिस्त हवी. या उदात्त विचारातून शहराच्या नगरपालिकेनं अग्निशमन पर्याय समिती नेमली.

तोवर शहराला स्वतःचा बंब नव्हता, आणि त्याची कुणाला लाजही वाटत नव्हती. नदीपलीकडच्या शहराचा बंब यायचा. पण दोन्ही शहरांमधल्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला फीत कुणी कापायची यावरून दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचं वाजलं (फीत शेवटी वाऱ्यानंच तुटली), आणि पलीकडचा बंब यायचा बंद झाला. पूल झाला आणि बंब गेला. प्रगतीची किंमत म्हणतात ती हीच.

समितीचे सचिव म्हणून नगरपालिकेतल्या एका पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या, अतिशय सज्जन गृहस्थाची निवड झाली. कचेरीत त्याला सगळे ‘सविस्तर’ म्हणत, कारण त्याला काहीही विचारलं तरी तो “सविस्तर कळवतो” एवढंच म्हणायचा. भाजीत मीठ कमी पडलंय का, असं बायकोनं विचारलं तरी उत्तर तेच. माणूस कामाला वाघ होता. फक्त ते काम कागदावरचं असलं पाहिजे एवढीच अट.

या सविस्तरला एक थोरली बहीण होती. ताईनं नवरा गेल्यावर गाद्या-उशांचा कारखाना एकटीच्या हिमतीवर चालवला आणि धाकट्या भावालाही शिकवलं. कारखाना खाली, ताई वरच्या मजल्यावर. मधल्या जिन्यात कापसाचे गठ्ठे. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ताई दिवसातून एकदाच खाली उतरायची आणि एकदाच वर चढायची. रविवारी भाऊ आला, की चहाचा कप त्याच्या हातात द्यायच्या आधी ती विचारायची,

“बाळ्या, बंबाचं काय झालं रे?”

“विचाराधीन आहे, ताई.”

“मेल्या, मी कापसावर झोपते! ते पिंजायचं यंत्र ठिणग्या टाकतं अधूनमधून. कापूस तुझ्या विचाराची वाट बघत बसणार आहे का?”

“यंत्र दुरुस्त करून घे की.”

“घेतलंय दोनदा. ते दुरुस्त होतं आणि परत ठिणग्या टाकतं. तुझ्या कचेरीसारखंच आहे ते.”

सविस्तर हसायचा, चहा प्यायचा आणि “सविस्तर कळवतो” म्हणून निघायचा. त्याचं ताईवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिचा जीव धोक्यात आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो समितीचं काम इतक्या मन लावून करत होता.

समितीनं प्रथम सद्यस्थितीचा अभ्यास केला. त्यात असं आढळलं, की शहरात आजवर लागलेल्या आगींपैकी शंभर टक्के आगी अखेर विझल्या. (काही विझवल्यामुळे, काही जाळायला आणखी काही न उरल्यामुळे, परंतु निकाल समान.) एकही आग अद्याप चालू नाही. ही बाब समाधानकारक असल्यानं घाई करण्याचं कारण उरलं नाही, आणि समिती पर्यायांकडे वळली.

पर्याय अ : स्वतःचं अग्निशमन दल. यात अडचण एकच. बंब उभा करण्याएवढी जागा नगरपालिकेच्या आवारात एकाच झाडाखाली होती, आणि तिथे अध्यक्षसाहेबांची गाडी उभी असे. बंब उन्हात ठेवला तर रंग उडतो. गाडी उन्हात ठेवली तर अध्यक्ष तापतात.

पर्याय ब : नदीपलीकडचा बंब पुन्हा बोलावणे. त्यासाठी आधी कुणीतरी दिलगिरी व्यक्त करायला हवी होती. ती कुणी करायची यासाठी उपसमिती नेमण्यात आली.

पर्याय क : खासगी कंपनी. तिची योजना सुटसुटीत होती. सभासदांच्या दारावर हिरवं चिकटपत्र लावायचं. आग लागली की कंपनीचा बंब हमखास येणार, हिरवी दारं तेवढी वाचवणार, आणि बिगरसभासदांच्या आगीवर सभासदांच्या दृष्टीनं लक्ष ठेवणार.

पर्याय ड : नागरिकांनी आपली आग आपण विझवणे. हा पर्याय कुणीच सुचवला नव्हता. तीन पर्यायांचा अहवाल अंगानं हडकुळा दिसतो म्हणून सविस्तरनं तो स्वतःच्या अधिकारात घातला. समितीवरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई तो वाचून खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, “हे मात्र छान लिहिलंय हं.” त्या दिवशी सविस्तर घरी जाताना चक्क गुणगुणत गेला.

निवड न्याय्य व्हावी म्हणून प्रात्यक्षिक ठरलं. शाळेच्या मैदानावर तीन सारख्या लाकडी खोल्या बांधायच्या, एकाच वेळी पेटवायच्या आणि तीन बंबांनी त्या विझवायच्या : एक विक्रेत्याकडून दाखवण्यापुरता आणलेला, एक नदीपलीकडचा (स्पर्धेला यायला दिलगिरी लागत नव्हती), एक कंपनीचा. याची नियमावली सविस्तरनं रात्रीचा दिवस करून लिहिली. त्यातला सहावा नियम म्हणजे त्याच्या नोकरीतलं सगळ्यात सुंदर वाक्य होतं : ‘प्रात्यक्षिकाच्या कालावधीत कोणत्याही स्पर्धकाने प्रात्यक्षिकाबाहेरील आग विझवू नये, विझवल्यास तो स्पर्धेतून बाद समजला जाईल.’

हा नियम काही उगाच नव्हता. मागच्याच महिन्यात अध्यक्षांच्या फाटकासमोरची कचराकुंडी पेटली होती, आणि कंपनीच्या बंबानं ती तत्काळ विझवली होती. इतकी तत्काळ, की शेजाऱ्यांच्या म्हणण्यानुसार बंब आधी आला आणि आग नंतर लागली. असल्या चलाखीला आळा बसायलाच हवा होता. नियम सहा मंजूर झाला तेव्हा अध्यक्षांनी स्वतः उठून सविस्तरची पाठ थोपटली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मैदान फुलून गेलं. शाळांना सुट्टी दिली होती. तिन्ही बंब धुऊनपुसून, टाक्या भरून रांगेत उभे होते. सविस्तरनं ताईलाही बोलावलं होतं. “माझे गुडघे घेऊन कुठे येऊ रे तिथवर?” ती फोनवर म्हणाली होती. “तूच बघ नीट, आणि यातला एखादा आण घरी.”

अध्यक्ष यायचे होते. ते आल्याशिवाय आग लावता येत नव्हती, कारण आग त्यांच्याच हस्ते लागणार होती. लोक उन्हात ताटकळले. एवढ्यात मैदानामागच्या गल्लीतून काळा धूर वर चढू लागला. कार्यक्रम सुरू झाला असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सविस्तरनंही दोन टाळ्या वाजवल्या. मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्या खोल्या अजून पेटलेल्याच नाहीत.

गल्लीच्या तोंडातून एक माणूस धावत आला. ताईच्या कारखान्याशेजारचा शिंपी, गळ्यात टेप तशीच. “सचिवसाहेब, ताईंचा कारखाना पेटलाय! त्या वरच आहेत!”

सविस्तर सगळ्यात जवळच्या बंबाकडे, म्हणजे नदीपलीकडच्या बंबाकडे धावला. “चला! लवकर चला! मागच्या गल्लीत!”

चालक खाली वाकून अदबीनं म्हणाला, “साहेब, नियम सहा.”

“अहो, खरी आग आहे!”

“म्हणूनच तर. खोट्या आगीला बंदी नाहीये. आम्ही गेलो की बाद झालो, मग आमचे साहेब मला जिवंत ठेवतील का? वरून सांगा, लगेच निघतो.”

कंपनीच्या चालकानं आधी दारावर हिरवं चिकटपत्र आहे का ते विचारलं. तिसरा बंब विक्रेत्याचा होता. त्याच्या चालकाला तो फक्त दाखवायचा असं सांगितलेलं होतं.

तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आली. सविस्तरनं दार उघडायच्या आधीच खिडकीतून सगळं सांगितलं. अध्यक्ष माणूस वाईट नव्हते. त्यांनी खाली उतरून धुराकडे पाहिलं, “अरेरे” म्हटलं, आणि तिथेच उभ्या उभ्या समितीची तातडीची बैठक घेतली.

“पाठवायला माझी ना नाही,” ते म्हणाले. “पण एकाला पाठवलं तर दुसरे कोर्टात जातील. सगळ्यांना समान संधी हवी. पाठवू तर तिघांना पाठवू.”

“त्या गल्लीत तीन बंब मावायचे नाहीत,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “एक आत गेला तर मागचा दोन तास तिथेच अडकेल.”

“मग त्या आगीचे तीन समान भाग होतील का?” अध्यक्षांनी विचारलं. हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

सविस्तरनं आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत टिपणाशिवाय एक वाक्य उच्चारलं. “अहो, माझी बहीण आहे आत!”

अध्यक्षांचा चेहरा गंभीर झाला. “बहीण? हे तुम्ही आधी सांगायला हवं होतंत. मग तुमचा या विषयात हितसंबंध येतो. तुम्हाला या चर्चेत भाग घेता येणार नाही. जरा लांब उभे राहा बघू.”

तरतूद बरोबर होती. तीसुद्धा सविस्तरनंच लिहिलेली होती, नियम नऊ.

तो लांब उभा राहिला नाही. तो धावत सुटला. बैठक संपायच्या आत सचिव निघून गेल्याचा नगरपालिकेच्या इतिहासातला हा एकमेव प्रसंग. चप्पल मैदानात राहिली, चष्मा गल्लीच्या तोंडाशी पडला, आणि तो “ताई, ताई” करत लहान मुलासारखा रडत पळाला.

गल्लीत सगळी आळी रस्त्यावर उतरली होती. बादल्या, पातेली, कपडे धुवायच्या यंत्राच्या नळ्या, जे हाताला लागेल ते. शिंपी सविस्तरच्या आधीच परत येऊन रांगेत लागला होता. समोरच्या न्हाव्यानं आपली टाकी मोकळी केली होती. आणि रस्त्याच्या मधोमध, एकावर एक रचलेल्या गाद्यांवर, काजळीनं काळी झालेली ताई बसली होती. त्या गाद्या नगरपालिकेच्या विश्रामगृहानं जास्त जाड म्हणून परत पाठवलेल्या. आळीतल्या लोकांनी त्या खिडकीखाली रचल्या आणि ताईनं वरून उडी टाकली. तेवढ्या जाड नसत्या तर ताई उरली नसती.

कारखाना मात्र गेला. छप्पर आत बसलं होतं. पिंजायचं यंत्र, कापूस, शिवणाची टेबलं, ताईची सगळी वर्षं.

“आलास?” ती म्हणाली. “बंब कुठंय?”

सविस्तर तिच्या पायाशी बसला. “मैदानावर.”

“किती आहेत?”

“तीन.”

“तीन,” ताई म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, आणि मग तिनं भावाच्या टकलावर डोकं टेकून जो हंबरडा फोडला, त्यानं बादल्या घेतलेले लोकसुद्धा थांबले.

इकडे मैदानावर प्रात्यक्षिक ठरल्याप्रमाणे झालं. पहिली खोली पेटली नाही, कारण लाकूड ओलं निघालं. दुसरी पेटली, पण पाइप टाकीला बसेना. तिसरी कंपनीनं झटक्यात विझवली. मात्र ती तोवर पेटवलेली नव्हती.

पुढच्या बैठकीत समितीनं निष्पक्षपणे गुणांकन केलं. चार पर्यायांपैकी प्रत्यक्ष आग विझवणारा पर्याय एकच निघाला, तो म्हणजे ड. त्यानं नियम सहाचाही भंग केला नव्हता, कारण नागरिकांना स्पर्धक म्हणून कुणी बोलावलंच नव्हतं. झाडाखाली जागा लागत नाही, दिलगिरी लागत नाही, चिकटपत्र लागत नाही. अध्यक्ष भारावून म्हणाले, “सचिव, हा पर्याय तुमचा. आणि तुमच्या भगिनींनी तो सिद्ध करून दाखवला.” टाळ्या झाल्या. ठराव लिहायचं काम अर्थातच सविस्तरकडे आलं.

ताई आता त्याच्याच घरी, बाहेरच्या खोलीत असते. तो ठराव लिहीत असताना ती पलंगावरून बघत होती. नोकरी सोडावी, कागद फाडावा, असं त्याला फार वाटलं. पण अक्षर मात्र नेहमीसारखंच छान आलं.

“काय लिहितोस रे बाळ्या?”

“सविस्तर कळवतो,” तो म्हणाला, आणि खाली मान घालून लिहीत राहिला.

ठराव असा : शहरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीची अग्निशमन दलात नेमणूक करण्यात येत आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती मुदतीत नोंदवावी. न नोंदवल्यास संमती गृहीत धरली जाईल. सूचना रीतसर फलकावर लावली गेली. लोकांनी ती वाचली, मागच्या गल्लीबद्दल काहीतरी आहे असं समजून हळहळले, आणि पुढे गेले.

हरकत एकच आली, ताईची. परंतु हरकतदार ज्या पत्त्यावर राहत असल्याचं नमूद केलं आहे तो पत्ता जळाला असल्यानं ती ग्राह्य धरता आली नाही. तसं तिला कळवण्यात आलं. पत्र सविस्तरनं स्वतःच्या सहीनं लिहिलं आणि बाहेरच्या खोलीत नेऊन तिच्या हातात दिलं. ताईनं ते दोनदा वाचलं, घडी करून उशीखाली ठेवलं, आणि त्या दिवसापासून बंबाबद्दल विचारायचं सोडून दिलं.

आपणही इथवर वाचलंत. मैदानावर धूर दिसला तेव्हा आपल्यालाही थोडी गंमत वाटली असेल, आणि आपली हरकत काही अजून आलेली नाही. त्याची नोंद घेतली आहे. दलात स्वागत असो. बादली ज्याची त्यानं आणायची आहे.