पिलिंजरांच्या भिंतींना दही

रॉडनी पिलिंजरने ठरवलं, नव्या भिंतींना दही फासायचं. निर्णय एवढासाच होता. पुढचं सगळं त्या दह्याने केलं.

त्याचा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला बंगला नुकताच नूतनीकरण होऊन उभा होता. काजळी धुतलेल्या विटा लालचुटूक दिसत होत्या. त्याच अंगणात दोन्ही मुलींसाठी हुबेहूब तशीच दोन घरं बांधून झाली होती. आता फक्त कौन्सिलच्या तपासणी अधिकारी मिसेस ऑकेंडन यायच्या होत्या. नवी घरं जुन्याशी जुळली नाहीत, तर परवानगी नाही. म्हणजे मुली येणार नाहीत, आणि मॉरीन, म्हणजे त्याची बायको, त्याला जगू देणार नाही.

"दह्याने शेवाळ लवकर धरतं, भिंती जुन्या दिसतात," रॉडनी बादली ढवळत म्हणाला. (हे ज्ञान बागकामाच्या मासिकातलं. मासिक दंतवैद्याकडे चाळलेलं, तेही अर्धवट.)

"त्यापेक्षा बैठकीतली खिडकी नीट कर. लग्न झाल्यापासून सांगतेय. वारा कानात शिरतो!"

"करतो गं. आधी हे महत्त्वाचं."

गल्लीतली मांजरं महिनाभर भिंती चाटत होती. तरीही शेवाळ आलं, आणि असं आलं की नवी घरं राणीच्याही आधीची वाटू लागली.

मिसेस ऑकेंडन आल्या त्या थेट हिरव्या भिंतींपाशी गेल्या. "वा! जुनं जपावं तर असं!" मग त्या बंगल्याकडे वळल्या आणि त्यांचं नाक वर गेलं. "हे नवं बांधकाम मात्र फारच चकचकीत आहे. जुन्याशी काडीचा मेळ नाही. परवानगी विसरा."

"अहो बाई, तोच तर जुना आहे!"

"सगळे असंच म्हणतात, मिस्टर पिलिंजर."

 रॉडनीने दह्याची हकीकत सांगितली, तेव्हा तर बाईंनी पेनाला टोपणच लावलं.

"चहा तरी घेऊन जा," मॉरीन म्हणाली आणि त्यांना बंगल्याच्या बैठकीत घेऊन गेली.

बाई खुर्चीत टेकल्या. जरा वेळाने त्यांनी कोटाची बटणं लावली. मग टोपी कानांवर ओढली. खिडकी बंद होती आणि पडदा मात्र मस्त झुलत होता.

"बाई गं!" त्या हरखून म्हणाल्या. "असा वारा आजकाल कुणाला बांधता येतो? खिडकी अस्सल आहे, म्हणजे बंगला जुनाच! दिली परवानगी. फक्त एक अट. हिला हात लावायचा नाही. अस्सल जुनी वस्तू जिथल्या तिथे राहू द्यायची."

रॉडनीची छाती फुगली. "बघितलंस? म्हणून तर मी ती मुद्दाम तशीच ठेवली होती!"

मॉरीनने बाईंच्या कपात आणखी चहा ओतला. (सावध व्हायला हवं होतं ते इथेच.)

वसंतात मुली राहायला आल्या. अंगण गजबजलं, रॉडनी अगदी सुखावला. थोरल्या ब्रायनीचं सामान तिच्या नव्या घरात गेलं, आणि त्यामागोमाग मॉरीनची उशी आणि किटलीही गेली.

संध्याकाळी रॉडनी ब्लँकेट गुंडाळून ब्रायनीच्या खिडकीशी उभा राहिला. "अगं, मी पण येतो ना इकडे. तिकडे गारठलोय."

मॉरीनने खिडकीतून वाफाळता कप त्याच्या हातात ठेवला.

"अट विसरलास?" ती गोड हसून म्हणाली. "अस्सल जुनी वस्तू जिथल्या तिथे."

आणि तिने खिडकी लावून घेतली. अगदी घट्ट बसली.