एका फलाटाला एकच गाडी

संध्याकाळी पाच-साडेपाचला आमच्या घरी कोणी आलं, तर हॉलमधल्या सतरंजीवर सत्तरीचे एक गृहस्थ पालथे पडलेले दिसतात. चष्मा कपाळावर, हनुवटी हातावर, आणि समोर तशीच पालथी पडलेली माझी मुलगी ईरा. दोघं एकमेकांकडे बघत असतात. बोलत कोणीच नाही. एकदा कुरिअरवाल्याने दारातूनच विचारलं, "काकांना बरं नाय का?"

"खेळतायत," मी म्हणाले.

हे आमचे शेजारी, रंगनाथकाका. पैठणच्या बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात त्यांची उभी हयात गेली. माइक बिघडला तरी प्रवाशांचं अडायचं नाही, असा आवाज. आमच्या पुंडलिकनगरात ते भाजीवाल्याला हाक मारतात तेव्हा पलीकडच्या गल्लीतला रिक्षावाला थांबतो. पण माझ्या मुलीशी हा माणूस कुजबुजत बोलतो. "लवकर आलेल्या लेकरांना गलका सोसत नाय, सुनबाई."

ईरा दोन महिने आधी जन्मली. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून ती घरी आली तेव्हा तिला हात लावायचीही मला भीती वाटायची. सासूबाईंनी मात्र औरंगपुऱ्यातून अर्धं दुकान उचलून आणलं आणि पाळण्यावर एक दिवे लागणारं, गाणारं, गरगर फिरणारं यंत्र टांगलं. ते सुरू झालं की ईरा तोंड फिरवायची, बोटं ताणायची, तिला उचक्या लागायच्या. हिला कशातच गोडी नाही, असं आम्ही धरून चाललो.

काका बोलावल्याशिवाय आले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते यंत्र बंद करण्याचं. "एका फलाटाला एकच गाडी. चार एकदम लावल्यावर पाशिंजर चढंल कुठं?"

मग माझ्याकडून एक लाल वाटी मागून घेतली, ईराच्या डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर धरली आणि थांबले. थांबले म्हणजे थांबलेच. तिकडे माझा चहा उतू गेला. ईराने वाटीकडे पाहिलं, पाहत राहिली, मग मान वळवली. काकांनी लगेच वाटी खाली ठेवली. "दमली. गाडी डेपोत गेली. यील परत."

ही विद्या त्यांची स्वतःची नाही, हे ते कुणालाही आपणहून सांगतात. त्यांची नात सईही अशीच लवकर जन्मलेली. तिचे आईवडील वाळूजला नोकरीला, त्यामुळे तिला खेळवण्याचे धडे घ्यायला दवाखान्यात काका जायचे. "तिथल्या मॅडमनी शिकिवलं. पहिल्या दिवशी मी पोरीला पैठण-शेवगाव गाडी पुकारून दाखवली. मॅडमनी मलाच भाईर काढलं." आता सई आईवडिलांबरोबर कॅनडात असते.

काकांचा मूळ आवाज आमच्या घरात एकदाच निघाला. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "सहा महिन्यांची झाली ना? आमचा तर या वयात हातातलं ओढून घ्यायचा." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. नळाच्या आवाजातूनही काकांचा आवाज ऐकू आला, "बोर्डावरचा टाइम धरा वहिनी. गाडी आधी सुटली म्हणून टाइमटेबल बदलत नसतंय." म्हणजे वय मोजायचं ते जन्माच्या ठरल्या तारखेपासून. डॉक्टरही हेच सांगत होते. पण आईच्या जिवाला टाइमटेबल कळत नाही. ही पोर कधी एखाद्या वस्तूसाठी हात पुढे करेल का, ह्या एकाच धास्तीने मी कुढत होते.

परवा तिने केला. वाटी समोर होती, काका नेहमीसारखे गप्प. ईराचा हात सतरंजीवरून सरकला, थांबला, परत सरकला आणि वाटीला लागला. वाटी डुगडुगली. मी ओढणी तोंडात कोंबली. काकांनी सासूबाईंना बोटानेच गप्प बसायला सांगितलं आणि अगदी हळू पुकारलं, "शेवगावकडं जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली हाय."

मग त्यांनी सईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. पाठीवर दप्तर अडकवलेली सई दिसली.

"सई, अगं ही ईरा. तुझ्यावानीच. आज तिनं..."

"आजोबा, माझी बस आली. नंतर बोलते हं."

पडदा काळा झाला. काका हलले नाहीत. फोन डोळ्यांपुढे तसाच, वीतभर अंतरावर.

"कट झाला फोन," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"व्हय," काका म्हणाले. "यील परत."

मला भडभडून आलं. पण अशा वेळी काही म्हणायचं नसतं, हे त्यांच्याकडूनच शिकले होते. गॅसवर चहा होता, तो बंद केला आणि त्यांच्याशेजारी सतरंजीवर पालथी पडले. ईरा आमच्याकडे बघत होती.