अप्पांचा एकशेवीसचा खांब

काशिनाथअप्पा समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघत नाहीत. ते त्याच्या डोक्याच्या दोन बोटं वर बघतात, तिथे हवेत काही लिहिलेलं असावं तसे डोळे बारीक करतात आणि उंचीचा आकडा सांगतात. नमस्कार वगैरे नंतर, जमलं तर. मी बीडच्या या गल्लीत राहायला आले त्या दिवशी, टेम्पोतून कपाट उतरत असताना, त्यांनी मला माझा सांगितला होता. "एकशेचोपन्न. पन पोक काढून चालता बाई, म्हनून बावन्नच दिसता." सगळा जन्म मुलींना 'ताठ बसा' म्हणून दरडावलेल्या इंग्रजीच्या शिक्षिकेला हे ऐकावं लागलं. मी लगेच ताठ झाले, ही गोष्ट वेगळी.

रेवा, ईशान, माझ्या नातवंडांनो, तुमच्याकडच्या त्या मोठ्या पार्कातला फोटो मिळाला. रेवा गाडीत बसून हसते आहे आणि ईशान उंची मोजायच्या एका लाकडी अस्वलाच्या पंजाखाली उभा राहून रडतो आहे, कारण पंजा आणि त्याचं डोकं यांच्यात चार बोटं हवा उरली आहे. तुमच्या आईने खाली लिहिलंय, 'इथले लोक फार निर्दय आहेत.' निर्दय माणूस बघायचा असेल तर आमच्या समोरच्या घरी या. तुमच्याकडे अस्वल आहे, आमच्याकडे अप्पा आहेत. अस्वल निदान गप्प उभं राहतं.

बीडहून नेकनूरकडे जाताना डाव्या हाताला एका उत्साही गृहस्थाने वॉटर पार्क काढलं आहे. टँकर आला त्या दिवशी ते वॉटर पार्क असतं, नाही आला त्या दिवशी नुसतं पार्क. तिथे एक घसरगुंडी आहे, एक ड्रॅगनची आगगाडी आहे, आणि कोलंबस आहे. कोलंबस म्हणजे मागे-पुढे झोके घेणारी भली मोठी नाव. समुद्र कुठे आणि आमचा जिल्हा कुठे, पण नाव मात्र ऐटीत उभी आहे. या नावेत चढायला एकशेवीस सेंटीमीटर उंची लागते, आणि ती आहे की नाही हे ठरवायला मालकाने अप्पांना नेमलं आहे. मालकाने आयुष्यात घेतलेला हा एकमेव शहाणा निर्णय असावा, आणि त्याला त्याचा रोज पश्चात्ताप होतो.

अप्पा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतरही खाकी शर्ट घालतात आणि कोलंबसला त्यांनी दोरीची घंटा बांधून घेतली आहे. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. नाव चालवणारा ऑपरेटर शेजारीच, हाताच्या अंतरावर बसतो. त्याला तोंडाने सांगितलं तरी चालेल, पण अप्पांना चालत नाही.

"बाई, माजी सगळी नोकरी लोकान्ला पोरं मोठी हायत हे पटवन्यात गेली," ते मला एकदा म्हणाले. "आन आता लहान हायत हे पटवन्यात चालली."

हे अगदी खरं आहे. एसटीत मिसरूड फुटलेला मुलगा आईच्या मांडीवर बसायचा, त्याचे पाय पुढच्या सीटखाली जायचे आणि आई म्हणायची, "चार सरून पाचवं लागलंय." अप्पा आईशी वाद घालत नसत. मुलालाच प्रेमाने विचारत, "कितवीला हाईस रं?" मुलगा छाती काढून सांगे, "सातवी ब." तिकीट फाडलं जाई. आता तेच लोक, कदाचित तीच माणसं आजोबा होऊन, कोलंबसपाशी येतात आणि नातवाच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "बारा वर्साचा हाय, अंगानं जरा बारीक." अप्पा नातवाला विचारतात. नातू म्हणतो, "बालवाडी."

उंची वाढवण्याच्या कामी आमच्या लोकांची जी प्रतिभा दिसते, ती शाळेत दिसली असती तर मी सुखाने निवृत्त झाले असते. बुटांत वर्तमानपत्राच्या घड्या असतात. मुलींच्या डोक्यावर अंबाडे असतात, अंबाड्यांत आणखी काहीतरी असतं. एका बाईंनी लेकाला फेटा बांधून आणला होता. अप्पांनी फेटा उतरवून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्यो एकटाच बसवा. ह्याची उंची भरती."

एकदा पांढऱ्या गाडीतून कोणी पुढारी उतरले. मुलगा एकशेपंधरा भरला. "आमी कोन हाय, म्हाईत हाय का?" त्यांनी विचारलं.

"तुमी एकशेअडुसष्ट हाय," अप्पा म्हणाले. "तुमी बसा."

का एवढा हट्ट, तर अप्पांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "दांडा मांडीवर बसला पायजे, हवेवर न्हाई." नावेत बसलं की मांडीवर लोखंडी दांडा येतो. मूल लहान असेल तर दांडा आणि मांडी यांच्यात फट राहते, आणि नाव उंच गेली की त्या फटीतून मूल सटकू शकतं. हे मला पटतं. पण अप्पा हे ज्या सुरात सांगतात, त्या सुरात मी कधी नापास झालेल्या मुलीलाही निकाल सांगितला नाही.

तर ईशान, तुझा फोटो बघितल्यावर मला आपल्या निर्दयाला प्रत्यक्ष काम करताना बघावंसं वाटलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी अप्पांबरोबर नेकनूरच्या बसने पार्कात गेले. टँकर आला नव्हता. त्यांनी मला खांबाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. खांब त्यांनीच सिमेंटमध्ये रोवलेला, त्यांनीच रंगवलेला. शंभरावर पांढरी रेघ, एकशेवीसवर लाल. खांबाच्या पुढ्यात मुरूम टाकलेला, आणि त्या मुरमावर मुलांनी पाठ टेकून उभं राहायचं.

दुपारपर्यंत मी अकरा मुलांना रडत परत जाताना मोजलं. मग एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीचं नाव दुर्गा, पाचवीत. दोन वेण्या, अनवाणी. बूट-बीट फसवणुकीचा प्रश्नच नव्हता.

"तिसरी खेप हाय हिची, अप्पा," बाप म्हणाला. "परवा आमची गाडी हाय. ऊसतोडीला चाललो कारखान्यावर. औंदा हिलाबी नेतोय, धाकल्याला सांभाळाया. आता गुडीपाडव्याबिगर येनं न्हाई."

"मंग पाडव्याला या. खांब कुटं पळून जात न्हाई."

"शाळेतली समदी पोरं बसून गेली, अप्पा. हिच्यापेक्षा ल्हान असल्याली."

"ल्हान असतील. बुटकी नसतील." अप्पांनी मुलीच्या डोक्यावर पट्टी टेकवली, डोळे बारीक केले. "एकशेअठरा. दोन कमी. फुडं कोन हाय?"

दुर्गा हलली नाही. ती खाली बघत होती. "मी खड्ड्यात हाय," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. फळ्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवावं तसं.

"चपलेचं ऐकलं, केसाचं ऐकलं," अप्पा रांगेला म्हणाले. "खड्ड्याचं पयल्यांदा ऐकतोय. लई हुशार हाय पोरगी."

रांग हसली. मीही हसले असते, पण माझी नजर तोवर तिच्या पायांकडे गेली होती. माझ्या पर्समध्ये शिवणाची टेप असते. तुमची आई त्यावरून माझी थट्टा करते, करू दे. मी उठले, मुलीला बाजूला केलं आणि ती उभी होती तिथल्या मुरमापासून शंभरच्या पांढऱ्या रेघेपर्यंत टेप धरली.

"एकशेतीन," मी म्हणाले.

"टेप ढिली धरली असंन, बाई."

"मग तुम्ही धरा."

अप्पा गुडघ्यावर बसले. मला वाटतं, तो खांब रोवल्यापासून त्यांनी त्याच्या पायथ्याकडे प्रथमच पाहिलं. त्यांचं सगळं काम डोक्यांच्या वर चालायचं. मुरूम दबून तिथे दोन टाचांच्या मापाची वाटी झाली होती, गुळगुळीत. त्यांनी टेप ताणून धरली, वाचली, सोडली, पुन्हा धरली. रांगेत कोणीतरी म्हणालं, "काय झालं, पंक्चर का?"

त्यांची लाज राखावी म्हणून मी हळूच म्हटलं, "पावसाने झालं असेल, अप्पा."

"पावसानं न्हाई." त्यांनी तळहात त्या वाटीत ठेवला. "पोरांनी झालंय. दोन वर्सं मीच त्यांन्ला हितं उभं केलतं."

ते उठले आणि घंटेचा एक टोला दिला. नाव थांबली. लोकांनी आरडाओरडा केला, मालक ऑफिसातून धावत आला, अप्पांनी कोणाकडे लक्ष दिलं नाही. मागच्या बांधकामातून शहाबादी फरशीचा एक तुकडा आणला, वाटीत वाळू भरली, वर फरशी बसवली. मग काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला फरशीवर ठेवून पाणी कुठल्या बाजूने सांडतं ते बघत वाळू आत-बाहेर केली. सांडेनासं झालं तेव्हा माझ्या टेपेने शंभरची रेघ पुन्हा मोजली. मालक म्हणत होता, "अप्पा, दोन-तीन सेंटीमीटरनं काय फरक पडतोय?" अप्पा म्हणाले, "आतापत्तुर मी लोकान्ला हेच सांगत होतो, किती फरक पडतोय ते."

दुर्गा फरशीवर उभी राहिली. एकशेएकवीस.

दांडा त्यांनी स्वतः खाली घेतला, मांडीवर बसला की नाही ते दोनदा हलवून बघितलं, आणि दोन टोले दिले. नाव वर जाऊ लागली. बाकीची पोरं किंचाळत होती. दुर्गा दोन्ही हातांनी दांडा धरून, तोंड मिटून, लांब कुठेतरी बघत होती. खाली तिच्या बापाची मान नावेबरोबर इकडून तिकडे जात होती.

उतरल्यावर त्याने विचारलं, "भ्या वाटलं का?"

"आपली टाकी दिसली," ती म्हणाली. "गावातली."

ते दोघं गेले. अप्पा ऑफिसात गेले आणि एरवी सिनेमाची गाणी लागतात त्या भोंग्यावरून त्यांचा आवाज आला. "कोलंबसपाशी माप चुकलेलं हाय. ज्यान्ला परत धाडलं त्यांनी परत यावं. चूक मापाची हाय, पोरांची न्हाई." हे त्यांनी तीनदा सांगितलं. त्या दिवशीची पाच मुलं आली, त्यांतली तीन बसली. दोन वर्षांतली बाकीची कुठल्या कुठल्या गावांत असतील. भोंगा तिथवर पोचत नाही.

परतीच्या बससाठी मी चार चांगले टोमणे तयार ठेवले होते. त्यांतला एक तर फारच सुरेख होता. पण अप्पा खिडकीशी बसले ते माझ्या डोक्याकडेही बघेनात. पार्क बरंच मागे पडल्यावर म्हणाले, "बाई, आमच्या म्हेशला पोलीस व्हायचं हुतं."

महेश म्हणजे त्यांचा मुलगा. चाकणला कुठल्या कंपनीत आहे, दिवाळीला दोन दिवस येतो, बापाशी पाहुण्यासारखं बोलतो. एवढंच मला माहीत होतं.

"पोलीस भरतीला एकशेपासष्ट लागती. सकाळ-संध्याकाळ पळायचा बिचारा. मी त्याला घरच्या खांबाला उभं केलं, आंगनात. एकशेचौसष्ट भरला. म्हन्लं, कशाला चारचौघांत हसं करून घेतो. फारम भरू दिला न्हाई. ल्हानपनापसून तितंच उभा करून मोजायचो त्याला. त्याच जागी. मातीचं आंगन हुतं तवा."

"आता मोजून बघा ना ती जागा," मी म्हणाले.

"आता फरशी हाय."

अप्पांनी खिशातून फोन काढला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते नेहमी स्पीकर लावून बोलतात आणि गल्लीला सगळं कळतं. त्या दिवशी अर्ध्या बसला कळलं.

"म्हेश, जेवलास का?"

"आत्ताच सुटलो, अप्पा. काय झालं? बरं हाय ना सगळं?"

"बरं हाय. तुजी उंची किती हाय रं?"

पलीकडे रहदारी वाजत होती. "एकशेसहासष्ट. कावून?"

"कोनी मोजली?"

"कंपनीत लागलो तवा, डाक्टरनं."

"मंग तवाच सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगायचं, अप्पा," महेश म्हणाला. "तुमी मोजलं हुतं."

अप्पांनी फोन दोन्ही हातांत धरला होता. फोन बंद कोणीच करेना. त्याच्या रस्त्यावरचे हॉर्न आमच्या बसमध्ये वाजत राहिले, आणि आमच्या बसची खडखड तिकडे चाकणला त्याला ऐकू जात असणार.