संभाचा प्रश्न

आमच्या हिंगोलीच्या कापसाच्या जिनात इंजनाला तेल घालणारा संभा तेल घालण्याआधी इंजनाला विचारायचा. "माय, घालू का?" मग कान देऊन उभा राहायचा. बैलामागून जाताना तो बैलाला विचारी, आणि कळमनुरीच्या बाजारात एकदा वांगी निवडताना त्यानं वांग्यांनाही विचारलेलं मी ऐकलं आहे. लोक हसत. मीही हसलो आहे, हे आधीच कबूल करतो.

मी तिथं काट्यावर मुन्शी. कापसाचं वजन अर्ध्या शेरानं चुकलं तरी मला झोप येत नाही. आणि त्याच हातानं मी दर दसऱ्याला खोटा कागद लिहीत होतो! कामातल्या धोक्यांबद्दल मालकानं मजुरांना विचारलं, असा कागद तालुक्याचा अंमलदार हंगामाआधी मागायचा. शेठजी तो आदल्या दिवशीच लिहवून घेत: 'मजुरांस विचारले. तकलीफ नाही.' दुसऱ्या दिवशी आधी बेचाळीस अंगठे, मग गुळाचा खडा, मग प्रश्न.

एकेचाळीस अंगठे मुकाट उठत. संभा मात्र हात पाठीमागं बांधून म्हणे, "आधी इचारा, मग अंगठा."

"विचारलं बाबा. बोल," शेठजी म्हणत.

"इंजनाचा पट्टा चढवायच्या आधी घंटा वाजवा, अन् खाली कोनी हाय का, ते इचारा. बाया सांडलेला कापूस येचायला खाली वाकून राहतेत."

"हे जिन हाय का देऊळ?" फोरमन म्हणे. सगळे हसत. शेठजी म्हणत, "वेळ जातो, संभा."

किती जातो? मी मनात आकडे म्हणत मोजला. घंटा, हाक आणि उत्तराची वाट, मिळून वीस अंक. पट्टा दिवसातून चारदा चढतो, म्हणजे ऐंशी. शेठजींचं विड्याचं एक पान लावायला याहून जास्त लागतात!

मग एका वर्षी मी संभाचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. शेठजींनी कागद फाडला आणि जुना मजकूर दुसऱ्याकडून लिहवला. संभानं अंगठा दिला नाही. तरी कागदावर अंगठे बेचाळीसच भरले. शेवटचा फोरमनचा होता.

दुसऱ्या दिवशी पट्टा चढवण्याआधी संभानं घासलेटचा रिकामा डबा बडवला. "खाली कोनी हाय का वं?"

पदर झटकत कापूस वेचणारी शेवंता पट्ट्याखालून बाहेर आली. शेठजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गोंधळ घातला म्हणून संभाला त्यांनी कायमचं घरी पाठवलं.

मी काटा सोडून त्याच्यासोबत निघालो. त्याच्या घराच्या दाराशी आल्यावर कडी काढून त्यानं हाक दिली, "गया, येऊ का घरात?"

आत कुणी नव्हतं. चूल थंड होती.

"सात हंगाम झाले, मुन्शीजी, तुमी यायच्या आदी," तो म्हणाला. "फोरमन म्हन्ला, चढव. म्या चढवला. माझी बायको गया पट्ट्याखाली व्हती. कोनी इचारलं न्हाई. म्या बी न्हाई."

तो उंबऱ्याबाहेरच थांबला. सवयीनं मी मोजत होतो. वीस झाले, तेव्हा तो वाकून आत गेला.