धुरकट फिल्मची भरभराट

कोणताही कारखाना उभा करायचा म्हटलं की माल, माणसं आणि वीज या तीन गोष्टी लागतात, याबद्दल तज्ज्ञांमध्ये दुमत नाही. फोटोच्या फिल्मचा कारखाना हा त्याला सन्माननीय अपवाद आहे. त्याला अंधार लागतो. या दृष्टीने बुलढाणा जिल्हा निसर्गतः आणि भारनियमनामुळे कमालीचा संपन्न असून, ही संपत्ती इतकी वर्षं नुसती वाया गेली याचं कुणाला तरी वाईट वाटायला हवं होतं.

ते अर्जुनरावांना वाटलं.

अर्जुनरावांचा मेहकरला बसस्थानकाजवळ फोटो स्टुडिओ होता. तालुक्यातले निम्मे नवरदेव त्यांनी मान सरळ करून दिलेले. मोबाईल आले तसा स्टुडिओ आधी पासपोर्ट फोटोंपुरता उरला, मग झेरॉक्सचा झाला, आणि शेवटी तिथे मोबाईलच्या फुटलेल्या काचा बदलून मिळू लागल्या. अर्जुनराव आपला तीन पायांचा लाकडी कॅमेरा आणि डोक्यावर घ्यायचं काळं कापड घेऊन गावी परतले. गाव मेहकर-जानेफळ रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे. नाव देत नाही. तसं गाव आपलंच, असं वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटू शकतं आणि ते बरोबरच असेल.

कॅमेरा ठणठणीत होता, पण त्याच्या मापाची फिल्म कुठे मिळेना. तेव्हा ती आपणच करावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी शेजारच्या जानरावांच्या सारिकाला बोलावलं. सारिकाने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेलं आणि ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत असे. (तासिका तत्त्व म्हणजे तास संपला की तत्त्वही संपतं.) तिने दोन दिवस वाचून सांगितलं, की होऊ शकते. प्लास्टिकचा एक पारदर्शक पत्रा, त्यावर जिलेटिन, जिलेटिनमध्ये चांदीचा क्षार, आणि सगळं अंधारात. काका, पोळीवर तूप लावण्यासारखं हाय, ती म्हणाली, फक्त तूप दिसलं नाई पाहिजे.

आमच्या भागात दोन माणसं मिळून काम करू लागली की तिसरा येऊन विचारतो, संस्था नोंदवली काय? त्यामुळे ‘नवप्रकाश फोटो फिल्म उत्पादक सहकारी संस्था’ स्थापन झाली. अध्यक्ष सरपंच भगवानराव, कारण अध्यक्षाची खुर्ची त्यांच्याच घरी होती. संचालक मंडळात गावातल्या सर्व आळ्यांना, सर्व पक्षांना आणि भगवानरावांच्या दोन्ही व्याह्यांना प्रतिनिधित्व मिळालं. सोयाबीनचं रिकामं गोदाम कारखान्याला मिळालं. काम लाल दिव्यात करता येतं, असं सारिकाने सांगितल्यावर अध्यक्षांना पद अचानक मोठं झाल्यासारखं वाटलं.

जिलेटिन आणायला अर्जुनराव मेहकरला गेले. आमच्याकडे जिलेटिन विहिरीतला खडक फोडायला वापरतात. दुकानदाराने विहीर किती खोल आहे, असं विचारलं. अर्जुनराव म्हणाले, विहीर नाही, फोटो काढायचे आहेत. दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आज माल संपला असं सांगितलं. शेवटी खाण्याचं जिलेटिन सारिकाने मागवून घेतलं.

पारदर्शक पत्र्याचा प्रश्न मात्र गावातच सुटला. आमच्याकडे घरटी एक तरी एक्स-रे खुंटीला असतो. दुखणं बरं होतं, एक्स-रे राहतो. तो ब्लीचच्या पाण्यात ठेवला की हाड धुऊन जातं आणि काचेसारखा स्वच्छ पत्रा उरतो. संस्थेने दवंडी दिली. जमलेल्या मालात गुडघे सर्वाधिक होते, त्याखालोखाल कंबरा, थोडी छाती आणि एक गोऱ्हा (याचा एक्स-रे कुणी काढला हे अखेरपर्यंत कळलं नाही). मनकर्णाबाईंनी आपलं मनगट दिलं. गाव आणि शिवार यांच्या मधून नाला जातो. वैरणीचा भारा घेऊन तो ओलांडताना त्या पावसाळ्यात घसरल्या होत्या. हात वाकडा बसला, तो तसाच आहे. आणि मनगट धुऊन देताना त्यांनी एवढंच विचारलं, की यानं हात सरळ होईन काय?

उत्पादन सुरू झालं. पहिल्या फिल्मवर अर्जुनरावांनी मारुतीच्या देवळाचा फोटो काढला. सारिकाने तो धुतला, आणि निघाला नुसता राखाडी रंग. देऊळ नाही, मारुती नाही. दुसरा काढला, तोही तसाच. तिसऱ्यात मध्यभागी काहीतरी होतं, पण ते मारुतीचं नसावं.

कारण लवकरच कळलं. गोदामात अंधार नीट आहे की नाही, हे पाहायला प्रत्येक संचालक दिवसातून एकदा दार उघडून पाहत असे. संचालकांची कर्तव्यनिष्ठा वाखाणण्यासारखी होती. एकाने तर पाहणी काटेकोर व्हावी म्हणून बॅटरी आणली होती.

अर्जुनराव खचले. सगळ्या तालुक्याचे फोटो काढलेला माणूस राखाडी पत्रे उन्हाला धरून तासन्‌तास बसे. पण भगवानराव खचले नाहीत. त्यांनी एक फोटो घेतला, आडवा धरला, उभा धरला, आणि हा कशाचा म्हणून विचारलं. देवळाचा, असं सांगितल्यावर ते म्हणाले, “कशाचाबी असू शकते.” त्यांच्या आवाजात भक्तिभाव होता.

इथे थोडी प्रशासकीय माहिती देणं भाग आहे. अलीकडे कोणतंही सरकारी काम पूर्ण झालं की मोबाईलमधल्या ॲपवरून त्याचा फोटो पाठवावा लागतो. ॲप फार अविश्वासू असून फोटोखाली जागा, तारीख आणि वेळ स्वतःच छापतं. आमच्या नाल्यावरचा पूल पूर्ण झालेला होता, पण तो नाल्यावर नव्हता. ॲपला हे समजावून सांगता येत नव्हतं. मात्र ज्या गावी नेटवर्क नाही तिथे कागदी फोटो चालेल, अशी एक कनवाळू सूचना कुठल्याशा परिपत्रकात होती, आणि नेटवर्क नसणं हे अंधारासारखंच आमच्याकडे मुबलक आहे.

भगवानरावांनी अर्जुनरावांकडून नाल्याचा फोटो काढून घेतला. राखाडी रंगात मधोमध एक जाड पट्टा आला. तो पूल असू शकत होता, बसलेली म्हैस असू शकत होती, किंवा अर्जुनरावांचा अंगठा. तपासणाऱ्या साहेबांनी ‘बांधकाम भक्कम दिसते’ असा शेरा मारला आणि पूल रहदारीला खुला झाला.

यानंतर संस्थेचे दिवस पालटले. आसपासच्या गावांतून फोटोंची मागणी येऊ लागली. कुणाला विहीर पाहिजे होती, कुणाला शौचालयं, कुणाला पाचशे झाडं. एका गावाचा तर एकच फोटो विहीर, वाचनालय आणि वृक्षारोपण अशा तिन्ही कामांना लागू पडला. दुसरबीडकडच्या एका ठेकेदाराने फोटो आणखी थोडा धुरकट मिळेल काय, अशी लेखी विचारणा केली. डिजिटल युगात फिल्मचं पुनरुज्जीवन झालं ते असं. कलावंत जुन्या फिल्मच्या पोताबद्दल, सावल्यांबद्दल वगैरे बोलतात. आमच्या भागाने तिचा मूळ गुण ओळखला.

भरभराट सगळ्यांना मानवली, सारिकाला सोडून. तिला फिल्म करायची होती. एके दिवशी तिने बाजारातून एक लोखंडी कडी आणली आणि गोदामाच्या दाराला आतून ठोकली. संचालक आले, दार वाजवून वाजवून परत गेले. सारिका आणि अर्जुनराव दुपारभर आत होते. दुसऱ्या दिवशी त्या फिल्मवर पुन्हा मारुतीचं देऊळ काढलं. सारिकाने ती धुऊन वर धरली. देवळाची पायरी, पायरीवरचं नारळाचं करवंट, दाराशी झोपलेलं कुत्रं आणि त्याच्या कानावरची माशी, सगळं आलेलं होतं. अर्जुनराव बाहेर गेले, नळाखाली तोंड धुतलं आणि परत येऊन फिल्म पुन्हा पाहिली.

गुणवत्ता वाढल्याबरोबर मागणी कोसळली. स्वच्छ फोटोत विहीर नसलेली स्पष्ट दिसत होती. ठेकेदारांनी संस्थेवर विश्वासघाताचा आरोप केला. भगवानराव गोदामावर आले, दोघांना समोर बसवलं, आणि अगदी समजुतीच्या सुरात बोलले.

“पोरी, माल चांगला झाला हे मले मान्य हाय. पण गिऱ्हाइकाले पाहिजे तसा नाई झाला. ते कडी काढून टाक.”

“मंग फिल्म काऊन करून राह्यलो आपण?” सारिकाने विचारलं.

“संस्था चालली पाहिजे म्हणून.”

सारिकाने अर्जुनरावांकडे पाहिलं. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, आणि ते त्यांनी जमिनीकडे पाहत म्हटलं, “भगवानराव, कडी राहीन.”

भगवानराव गेले. कारखाना आठ-पंधरा दिवसांत बंद पडणार हे दोघांनाही दिसत होतं. तेव्हा सारिकाने ठरवलं, की बंद पडायचंच आहे तर एक फोटो असा काढू की गावाने डोळे उघडून पाहावं. अर्जुनरावांनी सगळ्या गावाला ग्रुप फोटोसाठी बोलावलं. जागा ठरवली नाल्याची, नेमकी पुलाची.

उन्हाळा होता, नाला कोरडा. फोटो म्हटल्यावर अख्खा गाव इस्त्रीचे कपडे घालून आला. वाळूत खुर्च्या मांडल्या. मध्ये भगवानराव, शेजारी संचालक, मागे ग्रामस्थ, पुढे मुलं. मनकर्णाबाई नातीचा हात धरून उतारावरून आल्या आणि वाकडा हात पदराखाली घेऊन बसल्या. सारिका मापं जुळवून कडेला जाऊन उभी राहिली. अर्जुनराव काळ्या कापडात शिरले, बाहेर आले, आणि हलू नका म्हणाले. पूर्ण गाव, जिथे पूल असायला हवा होता तिथे, श्वास रोखून उभा राहिला.

फोटो अप्रतिम आला. दोन्ही काठ, मधली वाळू, वरचं मोकळं आभाळ. सारिकाने त्याची भिंतभर मोठी प्रत करून आणली, पाराजवळच्या भिंतीवर टांगली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: ‘नवीन पुलावर जमलेले ग्रामस्थ’. मग ती समोरच्या ओट्यावर बसून राहिली.

सकाळपासून रांग लागली. प्रत्येक जण जवळ गेला, बोटाने शोधलं, आणि आपण सापडल्यावर मागे सरून शेजाऱ्याला दाखवलं. एकाच्या पुढे दुसऱ्याचं डोकं आल्याने थोडी बाचाबाची झाली. एका संचालकाने खुर्ची अध्यक्षांपासून लांब पडल्याची तक्रार नोंदवली. खालची ओळ पुष्कळांनी मोठ्याने वाचून दाखवली आणि अक्षर छान असल्याचं सांगितलं. मनकर्णाबाईंना नात घेऊन आली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. सारिका ओट्यावरून उठून त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, “मावशी, पूल कुठी हाय यात?”

मनकर्णाबाई म्हणाल्या, “नसू दे व माय. पण मी बरी आली.”

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर सारिका एकटीच फोटोसमोर उभी राहिली. कडेला आपले डोळे मिटलेले तर नाहीत ना, हे तिने आधी पाहिलं. मग आपणही पुलाआधी स्वतःलाच शोधलं, हे तिच्या लक्षात आलं, आणि ती तशीच घरी गेली.

भगवानरावांनी दुसऱ्याच दिवशी त्या फोटोची प्रत तपासणीला पाठवली. एवढी माणसं खोटं कशाला उभी राहतील, असं साहेब म्हणाल्याचं कळतं. आता संस्थेकडे ग्रुप फोटोंची मागणी थांबत नाही. न झालेल्या शाळेसमोर, न खोदलेल्या तळ्यात गावंच्या गावं नटून उभी राहतात. फिल्म अत्यंत स्वच्छ असते. कडीला कुणाचीच हरकत नाही. अर्जुनराव खूश आहेत, कारण फिल्म खरंच उत्तम आहे. सारिका मुंबई-पुण्याकडे नोकरी शोधते आहे.

आता तुमच्याबद्दल. नाल्यावरचा पूल कधी मंजूर झाला, कुणी बांधला आणि शेवटी कुठे गेला, हे मी इतक्या वेळात एकदाही सांगितलेलं नाही. तुम्हीही विचारलं नाही. तुम्ही फिल्मचं पुढे काय झालं, एवढंच बघत होता, आणि अधूनमधून हसतही होता. हसणारी माणसं फोटोत छान येतात. पुढच्या रविवारी या. मागच्या रांगेत जागा आहे.